लोणारचं वय किती? संगणकाला वाचून शिकवण्याचा एक छोटा इतिहास



दिवाळीत गावी गेले होते. आमचं गाव मेहकर आणि लोणारच्या मधे. आठवीतला मामेभाऊ ओसरीवर बसून लोणार सरोवराचा प्रोजेक्ट करत होता. मोबाईलवर त्याने सरोवराचं वय शोधलं, तर एका ठिकाणी मिळालं ५२ हजार वर्षं आणि दुसऱ्या ठिकाणी ५ लाख ७० हजार वर्षं. फरक जवळजवळ ११ पटींचा! तो वही घेऊन माझ्याकडे आला. "ताई, चौकटीत एकच आकडा लिहा लागते. खरा कोनता हाय?"

आता गंमत बघा. माझी पीएचडी याच विषयात आहे. इंटरनेटवरचा मजकूर वाचून संगणकाने आपणहून तथ्यं कशी गोळा करावीत, हा माझा प्रश्न. आणि तरी त्या पोराला मी पटकन उत्तर देऊ शकले नाही.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा नेट-सेटची तयारी करताय आणि एक प्रश्न नेहमी विचारता, "लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नेमकं काय करायचं? पेपरांची यादी द्यायची का?" यादी देऊन भागत नाही. एक पेपर कुठे अडला आणि पुढच्याने ती अडचण कशी उचलली, हे सांगता आलं पाहिजे. म्हणून आज माझ्या विषयाचा इतिहास त्याच पद्धतीने सांगते. सोबतीला लोणारचं वय ठेवू. बघू, कोणत्या टप्प्यावरच्या यंत्राला माझ्या भावाचं उत्तर देता आलं असतं.

आधी हाताने भरवणं

सुरुवातीला लोकांना वाटलं की संगणकाला जगाचं ज्ञान आपणच टाइप करून द्यावं. १९८४ मध्ये डग लेनट यांनी अमेरिकेत 'साइक' नावाचा प्रकल्प सुरू केला. "माणूस मेल्यावर बाजारात जात नाही", "पाणी ओतलं की खाली जातं", अशा आपल्याला सांगायचीही गरज वाटत नाही त्या गोष्टी तज्ज्ञांनी एकेक करून लिहायच्या. काम दशकानुदशकं चाललं.

आपल्याकडेही याच जातीचं एक मोठं काम झालंय. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने आधी हिंदी आणि मग मराठी वर्डनेट उभं केलं. शब्दांचे अर्थ, समानार्थी शब्द, कोण कशाचा प्रकार, हे सगळं भाषेच्या जाणकारांनी हाताने जोडलं. अशा कामात चूक कमी होते, पण वेग माणसाचाच राहतो. जग रोज नवं काहीतरी लिहितं आणि आपण मागेच. मग साहजिक प्रश्न आला की लोकांनी जे आधीच लिहून ठेवलंय, तेच यंत्राला वाचायला लावलं तर?

एका शब्दाची किल्ली

१९९२ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी एक छोटासा पेपर लिहिला. आजही माझ्या गाईड प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला तो आधी वाचायला लावतात. कल्पना इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही असं वाटतं. इंग्रजीत 'सच ॲज' हे दोन शब्द आले की त्यांच्या आधी गटाचं नाव असतं आणि नंतर त्या गटातली उदाहरणं. हर्स्ट यांनी असे मोजके साचे घेतले, विश्वकोशाच्या मजकुरावर चालवले, आणि कोण कशाचा प्रकार याच्या जोड्या आपोआप निघाल्या. यंत्राला वाक्याचा अर्थ कळायची गरजच पडली नाही.

मराठीत हे करून बघा. "शेगाव, लोणार आणि सिंदखेडराजा यांसारखी पर्यटनस्थळे". आपली किल्ली 'यांसारखी'. इंग्रजीच्या उलट, इथे उदाहरणं आधी येतात आणि गटाचं नाव शेवटी. शिवाय किल्लीचं रूपही बदलतं: यांसारखे, यांसारख्या, इत्यादी, वगैरे. म्हणजे दुसऱ्या भाषेतली पद्धत उचलून आणायची तर साचे नव्याने शोधावे लागतात. एम.एस्सी.च्या डेझर्टेशनला एवढं काम पुरेसं आहे बरं का!

पण हर्स्ट यांचे साचे माणसाने शोधलेले होते. यंत्राला साचेही स्वतःच शोधता येतील का?

पाच पुस्तकांवरून पंधरा हजार

१९९८ मध्ये स्टॅनफर्डमधल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने हे करून दाखवलं. त्याचं नाव सर्गेई ब्रिन. त्याच वर्षी त्याने मित्रासोबत गूगल कंपनी काढली, त्यामुळे हा पेपर जरा झाकोळला गेला.

त्याने यंत्राला फक्त ५ पुस्तकं आणि त्यांचे लेखक दिले. यंत्राने या जोड्या वेब पानांवर जिथे जिथे सापडल्या तिथला आजूबाजूचा मजकूर पाहिला, त्यातून साचे बनवले, ते साचे वापरून नव्या जोड्या काढल्या, नव्या जोड्यांवरून नवे साचे. असं फिरत फिरत १५,००० हून अधिक पुस्तकांची यादी तयार झाली. बियाणं मूठभर आणि पीक पोतंभर.

पण बियाण्यात एक दाणा खराब निघाला तर? मी पहिल्या वर्षी हौसेने मराठीवर असाच प्रोग्राम लिहिला होता. 'गाव – जिल्हा' अशा जोड्या काढायच्या. बियाण्यात घातले आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे तालुके. त्यात जळगाव जामोदही होतं. माझ्या प्रोग्रामने नावाचा पहिलाच शब्द उचलला आणि शिकला की जळगाव बुलढाणा जिल्ह्यात आहे. पुढच्या फेरीत त्याने खानदेशातल्या जळगावबद्दलची वाक्यं वाचली आणि भुसावळ, चोपडा, यावल सगळं आमच्या जिल्ह्यात आणून ठेवलं. एका दुपारीत आमचा जिल्हा तापीपार गेला! मिटिंगमध्ये खूप हसले सगळे. मला मात्र रडू येत होतं.

या घसरणीला संशोधनात अर्थाचं भरकटणं म्हणतात. एक चूक पुढच्या फेरीचं बियाणं होते आणि वाढत जाते.

जास्त वेळा आलं म्हणजे खरं?

मग चुका गाळायच्या कशा? वॉशिंग्टन विद्यापीठात ओरेन एत्झिओनी यांच्या गटाने यावर एक धाडसी पैज लावली. वेब इतकं मोठं आहे की खरी गोष्ट तिथे अनेक वेळा, अनेक प्रकारे लिहिलेली असणार. चूक मात्र विखुरलेली असणार. म्हणजे मोजा!

२००५ मध्ये डाउनी, एत्झिओनी आणि सोडरलँड यांनी याला गणिताचा आधार दिला. समजा एका माठात चिठ्ठ्या आहेत. खऱ्या नावांच्या चिठ्ठ्या भरपूर, चुकीच्या नावांच्या तुरळक. तुम्ही हात घालून एक चिठ्ठी काढता, वाचता, परत टाकता. असं शेकडो वेळा केल्यावर जे नाव दहा वेळा आलं ते खरं असण्याची शक्यता किती, हे काढता येतं. हा पेपर वाचताना तुमचं बी.एस्सी.चं संभाव्यतेचं ज्ञान पुरतं. नक्की वाचा.

आता या माठात लोणारचं वय टाका. १९९० च्या दशकात तापदीप्ती पद्धतीने विवराच्या काचेसारख्या दगडांचं वय मोजलं गेलं आणि सुमारे ५२ हजार वर्षं हा आकडा आला. २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने मोजून ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडेतिकडे, असा आकडा प्रसिद्ध केला. पहिला आकडा आधीपासून फिरतोय. समजा एका पुस्तकातून तो मार्गदर्शिकेत गेला, तिथून पर्यटनाच्या पानावर, तिथून स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये, तिथून शंभर पोस्टमध्ये. माठातल्या यंत्राला वाटणार, शंभर साक्षीदार मिळाले! प्रत्यक्षात साक्षीदार एक आणि बाकी सगळ्या झेरॉक्स.

माठाचं गणित बरोबरच आहे. गडबड आहे ती गृहीतकात: प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे लिहिलेली आहे, हे मानलेलं. कोणताही पेपर वाचताना सूत्राच्या आधी गृहीतक शोधायची सवय लावा. पुढच्या संशोधकाचा विषय बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो.

कॉपी पकडायची कशी?

इथेही तसंच झालं. २००९ मध्ये लूना डाँग, लॉर बर्ती-एकिल आणि दिवेश श्रीवास्तव यांनी नेमकं हेच गृहीतक उचललं. अनेक स्रोत एकमेकांची नक्कल करत असतील तर मतं मोजायची कशी?

त्यांची युक्ती परीक्षेच्या पर्यवेक्षकाला लगेच कळेल. दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी आली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, दोघांनीही अभ्यास केला असेल. पण दोघांची चुकीची उत्तरंही तीच, त्याच प्रश्नांना? मग एकाने दुसऱ्याचं बघितलंय. दोन स्रोतांमध्ये सारख्या चुका जास्त असतील तर त्यांना स्वतंत्र मानायचं नाही आणि नक्कल करणाऱ्याचं मत कमी धरायचं. पण चुका ओळखायला आधी खरं काय ते माहीत हवं, आणि खरं काय ते ठरवायला नक्कल ओळखता आली पाहिजे. म्हणून त्यांची पद्धत दोन्ही अंदाज आळीपाळीने सुधारत जाते.

याच लेखकांनी त्याच वर्षी आणखी एक पेपर दिला, काळासोबत बदलणाऱ्या तथ्यांवर. एखाद्या कंपनीचा प्रमुख बदलतो, फोन नंबर बदलतो. पण आपलं लोणार त्यातही नीट बसत नाही. सरोवराचं वय बदललेलं नाही, आपलं मोजमाप बदललं. असंच त्याच्या जन्मकथेचंही आहे. जुन्या लेखनात लोणारला ज्वालामुखीचं विवर म्हटलेलं सापडतं. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी ते उल्काघाताचं विवर असल्याचे पुरावे मांडले. त्याहून जुनी, विष्णूने लवणासुराला मारल्याची कथा तर आमच्याकडे आजी अजून सांगते. तीन वाक्यं, तिन्ही मजकुरात आहेत. एक श्रद्धेची कथा, एक मागे पडलेला सिद्धांत, एक आजचा सिद्धांत. व्याकरणाने तिन्ही सारखीच दिसतात. यंत्राने फरक कशावरून करायचा?

मुंबईतलं काम: कोणतं जळगाव?

माझ्या जळगावच्या फजितीचं उत्तर शोधताना मी आयआयटी मुंबईच्या पेपरांपर्यंत पोचले. तिथे सौमेन चक्रवर्ती आणि सुनीता सरावगी हे दोघं वेबवरच्या मजकुरातून माहिती काढण्यावर अनेक वर्षं काम करतायत. सरावगी यांनी २००८ मध्ये या विषयाचा जो आढावा लिहिला, तो सुरुवात करणाऱ्याने आधी वाचावा असा आहे. त्यांना २०१९ चा इन्फोसिस पुरस्कारही मिळाला.

२००९ मध्ये चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पेपर दिला. मजकुरातलं प्रत्येक नाव विकिपीडियावरच्या नेमक्या कोणत्या पानाचं, हे ठरवायचं. त्यांचं म्हणणं असं की नावं एकेकटी सोडवू नका, सगळी एकत्र सोडवा. एका परिच्छेदात 'जळगाव', 'संग्रामपूर', 'नांदुरा' आले तर ते जळगाव जामोद. 'जळगाव', 'भुसावळ', 'केळी' आले तर खानदेशातलं. आपण माणसं हेच तर करतो. मलकापूरचंही तसंच, एक आमच्या बुलढाण्यात आणि एक कोल्हापूरकडे. चिखली आमच्याकडेही आहे आणि पिंपरी-चिंचवडमध्येही.

'काय' हे ठरल्याशिवाय 'किती' विचारण्यात अर्थ नसतो. लोणारचा व्यास कुठे १.८ किलोमीटर लिहिलेला असतो, कुठे १.२. यातलं एकही चूक नाही. पहिला विवराच्या काठाचा, दुसरा आतल्या पाण्याचा. यंत्र मात्र याला भांडण समजतं.

चोवीस तास वाचणारं यंत्र

जानेवारी २०१० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिशेल यांच्या गटाने 'नेल' सुरू केलं. नावाचाच अर्थ, कधीही न थांबता भाषा शिकणारं. सुमारे ५० कोटी वेब पानं, शेकडो गट आणि नाती, प्रत्येकासाठी थोडी उदाहरणं. त्यावर रात्रंदिवस वाचन.

भरकटणं रोखायला त्यांनी एक छान उपाय केला. सगळे गट एकदम शिकवायचे आणि एकमेकांवर लक्ष ठेवायला लावायचे. जे शहर आहे ते फळ असू शकत नाही. जो खेळाडू आहे तो माणूस असलाच पाहिजे. माझ्या प्रोग्रामला "एक गाव एकाच जिल्ह्यात असतं" एवढा जरी नियम दिला असता तरी भुसावळला दोन जिल्हे मिळालेले पाहून तो थबकला असता.

६७ दिवसांत नेलने सुमारे २ लाख ४२ हजार तथ्यं जमवली. त्यातली अंदाजे ७४ टक्के बरोबर होती. पण मला त्या पेपरमधला दुसराच तपशील आवडतो. त्यांनी हा काळ तीन भागांत तोडून दाखवला: पहिल्या भागातली अचूकता ९० टक्के, दुसऱ्यातली ७१, तिसऱ्यातली ५७. म्हणजे यंत्र शिकत होतं तसं घसरतही होतं, आणि हे त्यांनी स्वतःच छापलं. आपला आलेख खाली जातोय हे लपवू नका. त्या घसरणीवरच पुढचं काम उभं राहिलं.

मिशेल यांनी एका वर्तमानपत्राला सांगितलेला किस्साही मजेशीर आहे. नेलने 'इंटरनेट कुकी' हा प्रकार बेकरीच्या पदार्थांत टाकला, कारण कुकी म्हणजे बिस्किट. मग "कुकी डिलीट केल्या" या वाक्यावरून त्याला वाटलं, जे डिलीट करतात ते बेकरीचे पदार्थ. आणि संगणकातल्या फाइलीही बिस्किटांच्या बरणीत गेल्या! शेवटी माणसांनी अधूनमधून थोडा वेळ बसून चुका दुरुस्त करायला सुरुवात केली. २०१५ पर्यंत नेलकडे कमी-जास्त खात्रीची ८ कोटींहून अधिक विधानं होती.

पत्ता हरवला

पुढे काय झालं ते तुम्ही रोज वापरता. २०१८ मध्ये 'बर्ट' हे भाषा-प्रारूप आलं. २०१९ मध्ये पेत्रोनी आणि सहकाऱ्यांनी विचारलं, अशा प्रारूपाला आपण तथ्यांचा साठा म्हणू शकतो का? त्यांनी रिकाम्या जागा भरायला दिल्या आणि प्रारूपाने बऱ्याच बरोबर भरल्या. कोणी तथ्यं काढून तक्त्यात भरलीच नव्हती. नुसता मजकूर वाचून ती आत मुरली होती.

सोय मोठी झाली, पण काहीतरी गेलंही. नेलच्या तथ्याला पत्ता होता. कोणत्या पानावरून, कोणत्या साच्याने आणि किती खात्रीने ते घेतलं, हे बघता यायचं. प्रारूपाच्या आत ५२ हजार आणि ५ लाख ७० हजार दोन्ही विरघळलेले असतात. प्रश्न जरा वेगळा विचारला की उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि ते कुठून आलं हे नुसत्या प्रारूपाकडे बघून सांगता येत नाही. म्हणून सध्या उत्तरासोबत मूळ मजकूर शोधून दाखवण्यावर भरपूर काम चालू आहे.

मराठीचं काय?

हा बहुतेक इतिहास इंग्रजीत घडला. इंग्रजीत नावाचं पहिलं अक्षर मोठं असतं, आपल्याकडे ती खूण नाही. "आशा आली" आणि "आशा मावळली" यातली बाई कोणती, हे आजूबाजूच्या शब्दांवरूनच कळतं. नावाला प्रत्यय चिकटतात आणि नावाचं रूपच बदलतं: बुलढाणा, बुलढाण्यात, बुलढाण्याहून. त्यात कोणी बुलढाणा लिहितं, कोणी बुलडाणा. चिखलीकर हे आडनावही आणि चिखलीचे रहिवासीही.

यावर काम चालू आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन २०२२ मध्ये मराठीची मोठी मजकूर-संहिता आणि 'महानेर' हा संच खुला केला. महानेरमध्ये २५,००० वाक्यांत व्यक्ती, ठिकाण, संस्था, तारीख अशा खुणा माणसांनी हाताने केल्यात. म्हणजे बघा, १९८४ चं हाताने भरवणं संपलेलं नाहीच. आता आपण तथ्यं भरवत नाही, वाचायचं कसं त्याची उदाहरणं भरवतो.

पण अडचण मजकुराचीही आहे. माठात मराठी चिठ्ठ्याच कमी, आणि ज्या आहेत त्यातल्या बऱ्याच एकमेकींच्या झेरॉक्स. लोणारवरचे शोधनिबंध इंग्रजीत आणि मराठीत त्यांचा दहाव्या हातचा सारांश. यंत्र आपली भाषा वाचायला शिकेलही. पण आपण तिच्यात मूळ, पत्त्यासकट काही लिहिलं नसेल तर ते झेरॉक्सच वाचणार.

घरी करून बघायचा प्रयोग

आपल्या तालुक्याबद्दलचं एकच तथ्य घ्या. किल्ला कधी बांधला, धरण कधी पूर्ण झालं, काहीही. दहा ठिकाणी शोधा. तक्त्यात पाच रकाने करा: आकडा, वाक्य, तारीख, कुठून घेतलं असं ते सांगतात का, आणि कोणत्या दोन ठिकाणांच्या चुका सारख्या. मग मागे मागे जा, पहिली चिठ्ठी सापडेपर्यंत. एक संध्याकाळ जाईल, पण मुलाखतीत "तुमचा प्रश्न काय?" असं विचारल्यावर बोलायला काहीतरी स्वतःचं असेल.

राहिला माझा भाऊ. आम्ही दोघांनी मिळून लिहिलं: "तापदीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे (१९९० चे दशक), आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे (२०११)." चौकट छोटी होती, म्हणून त्याने वरून एक कागद चिकटवला. "सर एवढं वाचतीन का?" म्हणाला. मी म्हटलं, विचारलं तर कागदावर पत्ता आहे म्हणून सांग.

पुढच्या लेखात माठाचं गणित कागद-पेन्सिलने सोडवून बघू. तोवर तक्ता भरून ठेवा.